सुट्टीत घडवलेली भाषा



आपल्या उधना-लिंबायतकडच्या कितीतरी घरांत कोणी ना कोणी मागावर काम केलेले असते. जेकार्डवर साडीचा काठ कसा निघतो, ते त्यांना जरूर विचारा. जुन्या पद्धतीत पुठ्ठ्याच्या पत्त्यावर भोक असेल तेथे उभा धागा उचलला जातो, नसेल तेथे खालीच राहतो. फ्रान्सच्या जोसेफ मारी जेकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास हे यंत्र सिद्ध केले. भोक आहे किंवा नाही, एवढ्यावर सगळी नक्षी लिहिता येते. ही यंत्राला कळणारी भाषाच झाली.

अशी भाषा घडवायला मोठी कंपनीच लागते असे नाही. डिसेंबर १९८९ मध्ये गुइडो व्हॅन रॉसम यांचे अॅम्स्टरडॅमचे कार्यालय नाताळात बंद होते. विरंगुळा म्हणून त्यांनी घरच्या संगणकावर एक भाषा लिहायला घेतली. १९९१ मध्ये ती लोकांपुढे आली. तीच पायथॉन. (नाव अजगरावरून नव्हे, एका इंग्रजी विनोदी मालिकेवरून!)

आता आपण आपली भाषा करू. शब्द तीनच: अधिक, गुणिले, दाखव. वाक्य असे:

२ अधिक ३ गुणिले ४ दाखव

डावीकडून एकेक शब्द करत गेलो तर उत्तर २० येते, आणि गणिताच्या तासाला त्याला शून्य गुण मिळतात. गुणाकार आधी करायचा हा नियम यंत्राला वेगळा शिकवावा लागतो, आणि नवशिक्यांची गाडी बहुधा येथेच अडते.

पण मराठीत क्रियापद शेवटी येते. आपण म्हणतो, 'तीन आणि चार यांचा गुणाकार कर.' तसेच लिहून पाहू:

२ ३ ४ गुणिले अधिक दाखव

पंगतीतल्या ताटांची चळत डोळ्यांपुढे आणा. आकडा आला की चळतीवर ठेवायचा. 'गुणिले' आले की वरचे दोन उचलायचे आणि उत्तर परत ठेवायचे. ३ आणि ४ गेले, १२ आले. 'अधिक' आले, २ आणि १२ मिळून १४. नियम शिकवावाच लागला नाही. अमेरिकेतील चार्ल्स मूर यांनी १९७० च्या सुमारास केलेली फोर्थ ही भाषा अशीच चालते. तिची वाक्यरचना इंग्रजीपेक्षा आपल्याला जवळची वाटते, याची आम्हाला गंमत वाटते.

हे सारे पायथॉनमध्ये तीसेक ओळींत बसते. त्याला देवनागरी '३' हा आकडाही कळतो. उत्तर मात्र तो इंग्रजी आकड्यांत देतो.

पालक विचारतील, याने नोकरी लागेल का? या भाषेने नाही. हिच्यात कोणताही कारखाना काम करणार नाही. पण 'अधिक' आले आणि चळतीत एकच आकडा असला, तर काय म्हणायचे? ते वाक्य मुलालाच लिहावे लागते: 'आकडा कमी पडला.' संगणकाने इंग्रजीत चूक दाखवली की आपली मुले गप्प बसतात, हे आम्ही वर्गात पाहतो. चुकीचे वाक्य स्वतः लिहिलेला मुलगा सहसा गप्प बसत नाही. विश्वस्त मंडळाला विनंती, की शनिवारी दुपारी संगणक कक्ष दोन तास उघडा मिळावा.

घरचा अभ्यास: ५ आणि १ यांच्या बेरजेला ३ ने गुणायचे आहे. आपल्या भाषेत वाक्य लिहा. उत्तर १८ यायला हवे. मग 'वजा' हा शब्द भाषेत आणा, आणि ९ ४ वजा म्हणजे नऊतून चार की चारातून नऊ, ते आधी ठरवा.