कुंपणाची उंची फेब्रुवारीत मोजा

अलास्कातल्या फेअरबँक्सच्या पूर्वेला टू रिव्हर्स नावाची वस्ती आहे. स्लेज ओढणारी कुत्री पाळणाऱ्यांची म्हणूनच ती ओळखली जाते. इथे मी अलास्कन हस्की सांभाळते. नव्याने कुत्री घेणाऱ्यांना कुंपणाबद्दल मी पुन्हापुन्हा बजावते, ते आमच्या कावेरी या कुत्रीमुळे.

आमचं कुंपण सहा फुटी, जाळी भक्कम. फेअरबँक्सला वारा फारसा नसतो, पण हिवाळ्याच्या सुरुवातीला पडलेला बर्फ एप्रिलपर्यंत हलत नाही. कुत्र्यांच्या घरांभोवतीचा बर्फ उपसून कडेला टाकायचा, तो कुंपणालाच टेकतो आणि उणे चाळीसच्या थंडीत दगडासारखा होतो. फेब्रुवारीत ते सहा फुटी कुंपण कावेरीच्या छातीइतकंच उरलं होतं. कुत्री आवारात साखळीने बांधलेली असतात, पण कावेरीच्या साखळीचा आकडा बर्फ साचून नीट मिटला नाही, आणि ती ढिगावरून सरळ चालत बाहेर गेली. इथे हिवाळ्यात वाटांच्या कडेने जनावरांसाठी सापळे लावतात. तो कायदेशीर व्यवसाय आहे. दुसऱ्या दिवशी सापडली तेव्हा सापळ्यात अडकलेला पुढचा पंजा गोठला होता. दोन बोटं काढावी लागली. जीव वाचला, पण स्लेजला ती पुन्हा जुंपली गेली नाही.

म्हणून उपसलेला बर्फ आवाराबाहेर न्या. कुंपणालगत माणूस चालेल एवढी पट्टी कायम मोकळी ठेवा. आकडे ब्राँझचे घ्या, आणि अडकवल्यावर एकदा ओढून पाहा. साखळीच्या दोन्ही टोकांना फिरकी हवी, नाहीतर खुंट्याभोवती पीळ पडून कुत्रं आखडतं. शेजारच्या कुत्र्याच्या नाकाला नाक लागावं, पण साखळ्या एकमेकींत गुंतू नयेत, इतकं अंतर राखा. एकटं पडलेलं हस्की जास्त उकरतं.

उकरण्यावर उपाय एकच: जाळीचा खालचा भाग आतल्या बाजूला दोन फूट आडवा वळवून मातीखाली दाबायचा. पण इथली जमीन गोठताना फुगते आणि खांब वर ढकलते. दर वसंतात वाकून खालची फट पाहावीच लागते. फाटकं दोन हवीत, एकामागे एक. एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही.

दावणीला बांधलेल्या कुत्र्यांना कुंपण कशाला, असं काहीजण विचारतात. बांधलेलं कुत्रं पळू शकत नाही, म्हणूनच. बर्फ खोल झाला की मूस या मोठ्या हरणाला तुडवलेली, घट्ट जमीन सोयीची वाटते, आणि कुत्र्यांचं आवार म्हणजे नेमकी तीच. 1985 च्या इडिटारोड या स्लेज शर्यतीत सुझन बुचरच्या जुंपलेल्या कुत्र्यांवर एका मूसने हल्ला केला. दोन कुत्री मेली, तेरा जखमी झाली, आणि बुचरला शर्यत सोडावी लागली. तिथे निदान माणूस जवळ होतं. रात्री आवारात कुणी नसतं.

कुत्र्यांच्या घरातला पेंढा, पाणी, विष्ठा उचलणं हे सगळे सांगतात, त्यात मी पडत नाही. कुंपणाचं काम मात्र उन्हाळ्यातच उरका. ऑक्टोबर सरला की इथल्या जमिनीत पहारही शिरत नाही.