हस्तकौशल्य आणि भक्ति : शेकर पंथापासून एक धडा

पाठ : निर्गम ३५ : ३०–३५

देवानें बसालेलास आपल्या आत्म्यानें परिपूर्ण केलें, तें सोनें, लांकूड व सूत ह्यांचें काम करण्यासाठीं, असें ह्या पाठांत आहे. मग सुतारकाम करणें, दोर वळणें हें भक्तीहून निराळें असें आपण कां समजतों? ह्या प्रश्नाचें उत्तर एका पंथानें आपल्या परीनें दिलें. त्याची हकीकत आपण पाहूं. तींत घेण्याजोगें आहे, आणि सावध होण्याजोगेंही आहे.

ॲन ली (१७३६–१७८४) ही इंग्लंडांतील मँचेस्टरच्या एका लोहाराची कन्या. तिला लिहितां-वाचतां येत नव्हतें. तिचीं चारही मुलें लहानपणींच वारलीं. सन १७७४ त ती आठ अनुयायांसह अमेरिकेंत न्यूयॉर्क येथें उतरली. हे लोक उपासनेंत आवेशानें थरथरत, म्हणून त्यांस ‘शेकर’ म्हणजे थरथरणारे हें नांव पडलें. ते अविवाहित राहत व मालमत्ता समाईक ठेवीत.

कोणतेंही काम देवाच्या दृष्टीसमोर चाललें आहे असें मानून करावें, अशी त्यांची शिकवण होती. म्हणून त्यांच्या खुर्च्या साध्या, हलक्या व मजबूत असत. भिंतीवर खुंट्यांची पट्टी असे. केर काढतांना खुर्च्या तिजवर टांगीत. निव्वळ शोभेची नक्षी त्यांना वर्ज्य होती, आणि राहत्या खोल्यांत चित्रें लावण्यास सन १८४५ च्या नियमांत मनाई होती.

परंतु नवल असें कीं, त्याच सुमारास पंथांतील पुष्कळांस दृष्टांत होत होते, आणि कांहीं भगिनी चित्रें काढूं लागल्या होत्या. हीं चित्रें आपलीं नसून वरून मिळालेलीं दानें आहेत, असें त्या मानीत. हॅना कोहून हिचें ‘जीवनाचा वृक्ष’ हें १८५४ सालचें चित्र त्यांपैकींच होय. मोठमोठ्या फळांनीं तें झाड लगडलेलें आहे. नियमानें दार लाविलें तरी मनुष्याच्या अंतःकरणांतील सौंदर्याची भूक मरत नाहीं, असें आम्हांस ह्यावरून दिसतें. मात्र दृष्टांत झाला एवढ्यानेंच तो देवाचा ठरत नाहीं, सर्व गोष्टींची पारख करावी (१ थेस्सल. ५ : २१).

आज मेन संस्थानांत सॅबाथडे लेक येथें ह्या पंथाचीं अगदीं थोडीं माणसें उरलीं आहेत. त्यांच्या पूर्वजांच्या खुर्च्या मात्र पदार्थसंग्रहालयांत मानानें ठेविलेल्या आहेत. मिल्ड्रेड बार्कर (१८९७–१९९०) ह्या शेकर भगिनीस ह्याचीच खंत होती : लोक आपणांस एखादी खुर्ची म्हणून आठवतील, असें तिला वाटे.

बंधुभगिनींनो, आपल्या मंदिराची बांधणी व भजनाचा ताल लोक वाखाणतील, तेव्हां हें आठवावें. हातांचें काम देवास अर्पावें. पण कामालाच देवाच्या जागीं बसवूं नये.

प्रश्न :
१. बसालेलास आत्मा कशासाठीं मिळाला?
२. शेकरांनीं चित्रांस मनाई केली असतां चित्रें कां निघालीं?
३. आपल्या गांवचें कोणतें हातकाम आपण उपासनेंत आणूं शकूं?