पोस्टरावरचा चंद्र

मुरुडला आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शनाच्या आधी मी नववीच्या मुलांना एक वेगळाच गृहपाठ दिला होता. चंद्रावर जाणाऱ्या माणसांचा चित्रपट निघाला आहे असे समजा आणि त्याचे पोस्टर काढून आणा. दुसऱ्या दिवशी टेबलावर कागदांचा ढीग पडला. अग्निबाण, हिरवे प्राणी, बाहीवर तिरंगा लावलेले अंतराळवीर, सारे काही त्यात होते. एका मुलीच्या चित्रापाशी मात्र मी थांबलो. तिने चंद्राची सुरेख कोर काढली होती आणि कोरीच्या दोन टोकांच्या मध्ये एक चमकता तारा रंगवला होता.

हे चित्र चूक की बरोबर? तुम्हीच विचार करा. कोर म्हणजे कापलेला चंद्र नव्हे. चंद्राचा गोळा पुरताच असतो, फक्त त्याच्या उरलेल्या भागावर ऊन नसते. शुद्ध तृतीयेच्या सुमारास आकाश स्वच्छ असेल तर तो उरलेला गोळाही धुरकट दिसतो, कारण पृथ्वीवरून परतलेला सूर्यप्रकाश त्याच्यावर पडतो. मग त्या गोळ्याआडचा तारा आपल्याला दिसेल कसा? 24 मार्च 2023 च्या संध्याकाळी शुक्र चंद्रकोरीला अगदी खेटून आला होता. तुमच्यापैकी कित्येकांनी तो पाहिला असेल. तो कोरीच्या बाहेर होता, पोटात नव्हता.

मी त्या मुलीला विचारले, "असे का काढलेस?" ती म्हणाली, "सर, आमची आजी असेच कुंकू लावते. चंद्रकोर आणि मध्ये टिंब."

या उत्तरावर मला काही बोलता आले नाही. न पाहिलेली वस्तू काढायची वेळ आली की चित्रकार पाहिलेल्या वस्तूंचाच आधार घेतो. विज्ञानपटांच्या पोस्टरांचा सारा इतिहास हेच सांगतो.

आधी पोस्टर तयार कसे होई ते पाहू, आणि त्यासाठी कोल्हापूरला जाऊ. तेथे बाबूराव मेस्त्री नावाचे कलावंत नाटकांचे पडदे रंगवीत, म्हणून लोक त्यांना बाबूराव पेंटर म्हणू लागले. पुढे त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. त्यांच्या 1924 सालच्या 'कल्याण खजिना' या मूकपटाचे पोस्टर हे आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय पोस्टरांपैकी एक आहे. ही पोस्टरे शिळाछापाची असत. गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने चित्र काढायचे, दगड पाण्याने ओला करायचा आणि वरून छपाईची शाई फिरवायची. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे शाई फक्त चित्रावर चिकटते, ओल्या दगडावर नाही. प्रत्येक रंगासाठी निराळा दगड लागे. घरी मेणबत्तीने कोऱ्या कागदावर एखादे अक्षर काढा आणि त्यावरून पाण्यात कालवलेला रंग फिरवा. तत्त्व लगेच ध्यानात येईल.

मोठे फलक मात्र हाताने रंगवीत. चित्रकार म्हणून पुढे जगप्रसिद्ध झालेले एम. एफ. हुसेन हेही तरुणपणी मुंबईत सिनेमाचे फलक रंगवीत असत. यात जाळीची पद्धत उपयोगी पडते. छायाचित्रावर एकेक इंचाचे चौकोन आखायचे, फलकावर एकेक फुटाचे, आणि चौकोनामागून चौकोन उतरवायचा. लांबी बारा पट होते. क्षेत्रफळ? बारा नव्हे, 144 पट! रंगाचा हिशेब करताना हे विसरणाऱ्याचे डबे अर्ध्यातच संपणार.

आता विज्ञानपटांकडे वळू. 1927 साली जर्मनीत फ्रिट्झ लांग यांचा 'मेट्रोपोलिस' आला. त्याचे हाइन्ट्स शुल्त्स-नॉयडाम यांनी केलेले पोस्टरही शिळाछापाचेच. मागे उंचच उंच इमारती आणि पुढे धातूची यंत्रस्त्री. असे यंत्र कोणी पाहिलेले नव्हते. 'रोबो' हा शब्दसुद्धा कारेल चापेक यांच्या नाटकातून 1920 साली जगापुढे आला होता.

अदृश्य माणसाचे काय? आपल्याकडे 1957 चा 'मिस्टर एक्स', 1964 चा 'मिस्टर एक्स इन बॉम्बे' आणि 1987 चा 'मिस्टर इंडिया' हे तिन्ही त्याच्याच गोष्टी सांगणारे. जो दिसत नाही तो कागदावर काढायचा कसा, ही पोस्टरवाल्याची खरी पंचाईत! एच. जी. वेल्स यांच्या कादंबरीवरून 1933 साली निघालेल्या इंग्रजी चित्रपटात तोंडावर पट्ट्या आणि डोळ्यांवर काळा चष्मा देऊन हा प्रश्न सोडवला होता. जाता जाता एक प्रश्न तुमच्यासाठी: प्रकाश ज्याच्या आरपार जातो, त्याच्या डोळ्यातील पडद्यावर प्रतिमा उमटेल का? नाही. अदृश्य माणूस आंधळा असणार.

पण मला सर्वांत आवडते ती चेस्ली बोनस्टेल यांची चूक. 1950 च्या 'डेस्टिनेशन मून' या अमेरिकन चित्रपटासाठी त्यांनी चंद्रावरचा देखावा रंगवला. त्यांची अवकाशचित्रे पाहून एक पिढी वाढली. त्यांचे चंद्रावरील डोंगर सुळक्यांचे, भाल्याच्या टोकासारखे असत. मागचा तर्क चोख होता. डोंगर झिजतात ते वाऱ्यापावसाने. चंद्रावर दोन्ही नाहीत. तेव्हा कडा धारदारच राहणार. 1971 साली अपोलो 15 चे यात्री चंद्रावरील ॲपेनाइन पर्वताच्या पायथ्याशी उतरले, तेव्हा समोर होते गोलाईचे, मऊ उतारांचे डोंगर, आपल्या बालाघाटाच्या माळांसारखे. बोनस्टेल यांच्या हिशेबात सूक्ष्म उल्का आल्याच नव्हत्या. हवेचे कवच नसल्यामुळे त्या थेट जमिनीवर आदळतात आणि कोट्यवधी वर्षांत कडा बोथट करून टाकतात.

दारासिंगचा 'चाँद पर चढाई' हा हिंदी चित्रपट 1967 चा, म्हणजे माणूस चंद्रावर उतरण्याच्या दोन वर्षे आधीचा. डिसेंबर 1968 मध्ये अपोलो 8 मधून विल्यम अँडर्स यांनी चंद्रक्षितिजावर उगवणाऱ्या पृथ्वीचे छायाचित्र टिपले. त्यानंतर चित्रकाराला शाळेतल्या पृथ्वीगोलाची नक्कल करण्याचे कारण उरले नाही. ढगांच्या पांढऱ्या पट्ट्यांची निळी पृथ्वी त्याच्यापुढे होती.

पुढे संगणक आला, फ्लेक्सचे कापड आले, आणि हाताने फलक रंगवणाऱ्यांची कामे गेली. त्यांच्या फलकांवर पुन्हा पुन्हा नवे चित्र चढे, कागदी पोस्टरांवर खळ लावून दुसरी डकवत. त्यामुळे शिल्लक फार थोडी राहिली. घरातल्या जुन्या ट्रंकेच्या तळाशी अंथरलेला एखादा कागद फेकण्यापूर्वी उलटून पाहा. भिंग असेल तर रंगांचे बारीक ठिपकेही तपासा: निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा. चारांपलीकडे पाचवा बहुधा सापडणार नाही.

त्या मुलीला मी दहापैकी आठ गुण दिले. ती आठवडाभर रुसून होती. मग अमावास्येनंतरच्या चौथ्या संध्याकाळी ती आजीला घेऊन गच्चीवर गेली आणि दुसऱ्या दिवशी नवे पोस्टर घेऊन आली. कोरीच्या पोटात आता राखी रंगाचा धूसर गोळा होता आणि तारा बाहेर सरकला होता. आजीने मात्र कुंकू बदलायला साफ नकार दिला.