ओलमापक यंत्राची परतीची तार

बागेंतील ओल मोजून ठिबकाचा व्हॉल्व्ह आपोआप उघडणारीं यंत्रें आतां अनेक ठिकाणीं बसलीं आहेत. यंत्र वेडेंवांकडें वागूं लागलें कीं दोष बहुधा सेन्सरला दिला जातो व नवा सेन्सर आणला जातो. पुष्कळदां दोष असतो तो परतीच्या तारेंत, म्हणजे जिला जोडणारे ‘ग्राउंड’ म्हणतात तिच्यांत.

आमच्याच डाळिंबाच्या बागेंतील प्रकार सांगतों. व्हॉल्व्ह उघडे, क्षणांत मिटे, पुन्हां उघडे. पाणी मुळांपर्यंत पोंचेना; पडद्यावर मात्र मधूनमधून ओल भरपूर दिसे. झाडांनीं माना टाकल्या, तेव्हां कोठें आम्हीं तारा उकरल्या. सेन्सर व व्हॉल्व्ह या दोघांस मिळून परतीची एकच तार दिलेली होती. तार वांचविण्याचा मोह, दुसरें कांहीं नाहीं.

हिशेब असा आहे. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या १०० मीटर तारेचा रोध सुमारें पावणेदोन ओम असतो. व्हॉल्व्हचा अर्धा अँपिअर प्रवाह तिच्यांतून परतला कीं तिच्या दोन टोंकांत जवळजवळ ०.९ व्होल्टचा फरक पडतो. अॅनालॉग सेन्सर आपलें माप व्होल्टांतच सांगतो. तें माप ० ते ५ व्होल्टांचें असेल, तर शेंकडा सतरा-अठरा इतकी ओल निव्वळ खोटी दिसते. कंट्रोलर ती खरी मानून पाणी तोडतो. प्रवाह थांबतांच खोटी ओल नाहींशी होते, व तो पुन्हां पाणी सोडतो. ज्या चरींतून पंपाचें पाणी वाहत आहे तींतच झऱ्याची धार मोजावी, तशांतला हा प्रकार होय.

यास्तव सेन्सरची परतीची तार स्वतंत्र असावी, व ती कंट्रोलरच्या अॅनालॉग ग्राउंडच्या खुंटीसच येऊन मिळावी. ती शेतांत जमिनींत गाडलेल्या सळईस जोडूं नये. दोन ठिकाणच्या जमिनींत विजेचा दाब सारखा नसतो. तारेवरील जाळीचें वेष्टनहि याच कारणानें कंट्रोलरच्या टोंकासच जोडावें. मोटारीची गति बदलणाऱ्या ड्राइव्हला ० ते १० व्होल्टांचा हुकूम जातो, त्याच्या शून्याची तारहि वेगळीच हवी. मोटारीच्या सांगाड्यावर ती टेकवूं नये. सांगाड्याची अर्थिंग मात्र जिवाच्या रक्षणासाठीं आहे, ती कोणत्याहि सबबीवर काढूं नये. अंतर फार असल्यास ४ ते २० मिलिअँपिअरचा सेन्सर घ्यावा. पुरवठ्याचा दाब पुरेसा असला कीं तारेच्या रोधानें त्याचें माप बिघडत नाहीं.

परीक्षा सोपी आहे. पडद्याकडे पाहत व्हॉल्व्ह हातानें चालू करावा. जमीन क्षणांत ओली होत नाहीं. आंकडा त्याच क्षणीं उडाला, तर सेन्सर राहूं द्यावा व तारा उकराव्या.