आकड्याला एकक जोडा : खताच्या हिशेबाचा एक धडा



मागे एका गटात आमच्या शेतकी खात्याने बांधावरची बैठक घेतली. शेजारी-शेजारी दोन प्लॉट, दोन्ही सुरू लागणीचे आणि दोन्ही एकेक एकराचे. एकातला ऊस पिवळट आणि बारीक. दुसऱ्यातला काळाभोर हिरवा, पण पाल्याने जडावून लोळलेला. पहिल्या सभासदांना आम्ही विचारले, "नत्र किती दिलं?" ते म्हणाले, "तुम्ही सांगितलं तेवढंच की! शंभर किलो. युरियाची दोन पोती आणि वर दहा किलो मोजून टाकलाय." दुसरे म्हणाले, "मी पण चिठ्ठीप्रमाणंच दिलंय. अडीचशे किलो नत्र, बारा पोती युरिया."

दोघांनी खिशातून चिठ्ठ्या काढल्या. दोन्ही आमच्याच खात्याच्या. एकीवर 'नत्र १००', दुसरीवर 'नत्र २५०'. आकडे दोन्ही बरोबर होते. एक एकरी होता, दुसरा हेक्टरी. पण तसे चिठ्ठीवर कुठेच लिहिलेले नव्हते. ही चूक सभासदांची नव्हे, आमची. तिची भरपाई पैशाने होण्यासारखी नाही, म्हणून निदान पुन्हा होऊ नये यासाठी हा धडा लिहीत आहोत.

पहिली पायरी : क्षेत्र

आपल्या देशात दशमान पद्धतीची वजने ऑक्टोबर १९५८ पासून येऊ लागली आणि मण-शेर मागे पडले. जमिनीच्या बाबतीत मात्र आपण अजून दोन्ही दगडांवर पाय ठेवून आहोत. सातबारा हेक्टर-आर मध्ये, बोलणे एकर-गुंठ्यात, आणि विद्यापीठाची शिफारस हेक्टरी.

एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि १०० आर म्हणजे एक हेक्टर. गुंठा आणि आर जवळजवळ सारखेच भरतात. त्यामुळे सातबाऱ्यावर ०.४० हेक्टर दिसले की ते साधारण एक एकर समजावे. एक हेक्टर म्हणजे २.४७ एकर. हिशेबाला अडीच धरले तरी चालते.

तेव्हा हेक्टरी आकड्याला अडीचने भागावे, म्हणजे एकरी आकडा मिळतो. सुरू उसाची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद आणि ११५ किलो पालाश अशी आहे. एकरी ती १०० : ४६ : ४६ किलो झाली.

दुसरी पायरी : युरिया म्हणजे नत्र नव्हे

पहिल्या सभासदांचे नुकसान इथे झाले. नत्र हा युरियाचा एक भाग आहे, सगळा युरिया नव्हे. हा भाग किती, हे रसायनशास्त्राच्या अगदी पहिल्या धड्यातल्या अणुभारांवरून निघते. युरियाच्या एका रेणूत कार्बनचा एक अणू (भार १२), ऑक्सिजनचा एक (१६), नायट्रोजनचे दोन (१४ दुणे २८) आणि हायड्रोजनचे चार (४) असतात. बेरीज ६०. त्यात नायट्रोजन २८. म्हणजे शंभरात सुमारे ४६. पोत्यावर छापलेले '४६ टक्के नत्र' ते हेच.

म्हणजे १०० किलो युरिया टाकला तर पिकाला ४६ किलोच नत्र मिळाले, निम्म्याहूनही कमी. १०० किलो नत्र सगळे युरियातूनच द्यायचे असेल, तर १०० ला ४६ ने भागून १०० ने गुणावे. उत्तर येते सुमारे २१७ किलो युरिया.

पोते मोजतानाही जपावे. २०१८ पासून युरियाचे पोते ५० किलोचे नसून ४५ किलोचे आहे. जुन्या सवयीने 'चार पोती म्हणजे दोन क्विंटल' धरले तर २० किलोची तूट येते. गंधक लावलेल्या युरियात तर नत्र ३७ टक्केच असते. म्हणून पोते फोडण्याआधी त्यावरचा टक्का आणि वजन दोन्ही वाचावे.

तिसरी पायरी : स्फुरद-पालाशाची गोम

खताच्या पोत्यावरचे स्फुरद म्हणजे निव्वळ फॉस्फरस नव्हे. ते फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या रूपात मोजतात. पालाशही पोटॅशियम ऑक्साइडच्या रूपात मोजतात. पूर्वीचे रसायनतज्ज्ञ पृथक्करणाचे आकडे ऑक्साइडमध्ये लिहीत, तोच रिवाज खतांना चिकटून राहिला.

फॉस्फरस पेंटॉक्साइडचा भार १४२, त्यात फॉस्फरस ६२. म्हणून निव्वळ फॉस्फरसचा आकडा २.२९ ने गुणला की पोत्यावरच्या भाषेतला आकडा मिळतो. पोटॅशियमला १.२ ने गुणावे. एखाद्या अहवालात फॉस्फरस २० किलो लिहिला असेल, तर तो पोत्याच्या भाषेत सुमारे ४६ किलो होतो. माती परीक्षणाचा अहवाल हातात आला की आकडा कोणत्या रूपात आहे, हे आधी विचारून घ्या.

आता पुरा हिशेब : सुरू ऊस, एक एकर

स्फुरद ४६ किलो हवे. डीएपीमध्ये नत्र १८ टक्के आणि स्फुरद ४६ टक्के असते. म्हणून १०० किलो डीएपी, म्हणजे ५० किलोची दोन पोती. त्यातूनच १८ किलो नत्रही आले.

नत्र १०० हवे, १८ आले, राहिले ८२ किलो. ८२ ला ४६ ने भागून १०० ने गुणले की १७८ किलो युरिया. ४५ किलोची चार पोती.

पालाश ४६ किलो हवे. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ते ६० टक्के असते. म्हणून सुमारे ७७ किलो, म्हणजे ५० किलोची दीड पोती.

एकूण डीएपी दोन, युरिया चार, पोटॅश दीड. हे सगळे एकदम टाकायचे नाही, हप्ते शिफारशीप्रमाणेच पाडावेत. माती परीक्षण केले असेल तर मात्रा त्याप्रमाणे कमी-जास्त करावी.

आता बारा पोती युरिया टाकणाऱ्या सभासदांचे बघा. एकरी आकड्याच्या अडीचपट नत्र गेले. पैसा गेला तो गेलाच, वर ऊस लोळला. असा ऊस पक्व व्हायला उशीर करतो आणि रसातली साखर घटते. म्हणजे हे नुकसान त्यांच्या बांधापाशी थांबत नाही, ते आपल्या सर्वांच्या उताऱ्यापर्यंत येते.

फवारणीच्या पंपाशी

'दोन टक्के युरिया' म्हणजे लिटरला २० ग्रॅम. १५ लिटरच्या पंपाला ३०० ग्रॅम. 'पीपीएम' म्हणजे दहा लाख भागांत एक भाग, पाण्यात लिटरला एक मिलिग्रॅम. १०० पीपीएमसाठी १५ लिटरला दीड ग्रॅम मूळ औषध लागते. डब्यातले औषध ५० टक्क्यांचे असेल तर तीन ग्रॅम घ्यावे. बाटलीच्या टोपणाने भुकटी मोजू नये. टोपण मिलिलिटर दाखवते, ग्रॅम नव्हे.

घरी सोडवा

आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. आपले क्षेत्र २० गुंठे. सगळे नत्र युरियातून द्यायचे तर किती पोती लागतील? घरातल्या आठवी-नववीतल्या मुलाला किंवा मुलीला वही घेऊन शेजारी बसवा. प्रत्येक आकड्यापुढे किलो कशाचे आणि किती क्षेत्राला, हे लिहायला लावा. उत्तर : एकरी १६० किलो नत्र, २० गुंठ्यांना ८० किलो नत्र, म्हणजे १७४ किलो युरिया. चार पोत्यांना सहा किलो कमी.

यापुढे आमच्या खात्याच्या चिठ्ठीवर 'एकरी १०० किलो नत्र, म्हणजे दोन पोती डीएपी व चार पोती युरिया' असे पुरते लिहिले जाईल. नुसता आकडा लिहिलेली चिठ्ठी हाती आली, तर ती घेऊ नका. परत करा आणि विचारा, "शंभर काय, आणि कशाला?" असे विचारण्याचा सभासदांना हक्क आहे, आणि त्यात आमचाही फायदाच आहे.