मातृपितृवियोग आणि बालमन : वसतिगृहाचे कर्तव्य

निवासी शाळेत येणारी काही मुले आई किंवा वडिलांचे छत्र हरपल्यानंतरच येतात. काहींवर तो आघात येथे शिकत असताना कोसळतो. पुस्तके, गणवेश, भोजन यांची तजवीज आपण काळजीपूर्वक करतो. मात्र या मुलांच्या दुःखासाठी आपण काय केले, हा प्रश्न स्वतःला क्वचितच विचारतो. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वीची घटना आहे. सहावीतील एका मुलीला कार्यालयात बोलावून, ‘आई आजारी आहे, काका न्यायला आले आहेत,’ असे सांगण्यात आले. वस्तुतः आईचे पहाटेच निधन झाले होते. प्रवासात मुलीला त्रास होऊ नये, एवढाच आम्हा शिक्षकांचा हेतू होता. दारासमोरच्या गर्दीने तिला सत्य सांगितले. जलदान विधीनंतर ती परतली, अभ्यासाला लागली आणि आम्ही निश्चिंत झालो. परंतु पुढे कितीतरी महिने कार्यालयातून निरोप आला की तिचे हात थरथरत. एकदा तिने विचारले, ‘सर, आता खरं सांगताय ना?’ आईच्या मृत्यूचे दुःख टाळणे आमच्या हाती नव्हते. मोठ्या माणसांवरील तिचा विश्वास टिकवणे मात्र आमच्या हाती होते, आणि तो आम्ही गमावला होता.

म्हणून पहिले सूत्र असे की, घडलेली घटना मुलाला लवकरात लवकर, विश्वासातील व्यक्तीने, एकांतात, साध्या शब्दांत सांगावी. ‘झोपले’, ‘गावाला गेले’, ‘देवाघरी गेले’ हे शब्द बौद्ध कुटुंबांतही सवयीने उच्चारले जातात. पाच वर्षांखालील मुलाला मृत्यू तात्पुरता वाटतो. ते गावाहून परतणाऱ्या वडिलांची वाट पाहत राहते, किंवा झोपायलाच घाबरते. मृत्यूनंतर शरीराचे सर्व व्यापार थांबतात आणि गेलेली व्यक्ती परत येत नाही, हे बहुतेक मुलांना नवव्या-दहाव्या वर्षापर्यंत उमगते. तोपर्यंत तेच उत्तर पुनःपुन्हा, न कंटाळता द्यावे लागते. ‘मी भांडलो म्हणून बाबा गेले’ अशी अपराधी भावना अनेक मुले मनात दडवून ठेवतात. ‘यात तुझा काहीही दोष नाही,’ हे वाक्य मुलाने विचारण्याची वाट न पाहता आपण उच्चारले पाहिजे.

दुसरे सूत्र याच्या जोडीचे आहे. घटना तत्काळ सांगावी. तत्त्वज्ञान मात्र सावकाश यावे. ‘सारे अनित्य आहे, रडू नकोस,’ असे शोकाकुल मुलाला सांगणे धम्माला धरून आहे, असे आपल्याला वाटते. परंतु किसा गोतमीची कथा आठवावी. मृत बालकाला कवटाळून औषध मागणाऱ्या त्या मातेला तथागतांनी लगेच अनित्यतेवर प्रवचन दिले नाही. ज्या घरात कोणाचा मृत्यू झाला नाही, अशा घरातून मोहरी आणण्यास त्यांनी तिला सांगितले. ती दारोदार फिरली, प्रत्येक घराचे दुःख तिने ऐकले आणि सत्य तिला स्वतःच उमगले. तथागतांनी तिला अवधी दिला आणि समदुःखी माणसांपर्यंत पोहोचविले. बालकांच्या शोकातही हीच रीत उपयोगी पडते.

मुलांचा शोक मोठ्यांसारखा अखंड नसतो. आता रडणारे मूल अर्ध्या तासाने कबड्डी खेळते, म्हणून ‘याला काही वाटतच नाही’ असा निष्कर्ष काढू नये. पोटदुखी, डोकेदुखी, अंथरूण ओले होणे, अकारण राग, अभ्यासातील पीछेहाट या रूपांतही शोक प्रकट होतो. पालकभेटीचा दिवस, सण, वाढदिवस आणि मृत्यूचा स्मृतिदिन या वेळी तो पुन्हा उफाळतो.

वसतिगृहाने अशा वेळी काय करावे? मूल परतण्यापूर्वी वर्गाला कल्पना द्यावी. प्रश्नांचा भडिमारही नको आणि अवघडलेले मौनही नको. झोपेची, जेवणाची, खेळाची वेळ पूर्ववत ठेवावी. नित्यक्रमाने मुलाला सुरक्षित वाटते. एका शिक्षकाने किंवा गृहपालाने ‘केव्हाही ये’ असे सांगावे आणि तो शब्द वर्षभर पाळावा. कालकथित आई-वडिलांचे नाव घेण्यास मज्जाव नसावा; छायाचित्र, पत्र, आवडती वस्तू जवळ ठेवू द्यावी. पालकभेटीच्या दिवशी ज्याच्याकडे कोणी येणार नाही, त्याच्या शेजारी कोण बसणार, हे आदल्या दिवशीच ठरवावे. मूल कित्येक आठवडे नीट जेवत-झोपत नसेल, तर तज्ज्ञांचे साहाय्य घ्यावे. ‘मलाही बाबांकडे जायचे आहे’ असे ते बोलले, तर क्षणाचाही विलंब करू नये. टेलि-मानसचा 14416 आणि बालकांसाठीचा 1098 हे क्रमांक प्रत्येक गृहपालाजवळ असावेत.

मागे राहिलेल्या पालकालाही आधार हवा. अमेरिकेतील ॲरिझोना राज्य विद्यापीठात अर्विन सँडलर व सहकाऱ्यांनी आई किंवा वडील गमावलेल्या मुलांच्या 156 कुटुंबांचा अभ्यास केला. त्यांच्या कार्यक्रमात मुलांच्या गटबैठकांबरोबर हयात पालकांच्याही बैठका होत्या. मुलांचे ऐकून घेणे, जिव्हाळा व सातत्यपूर्ण शिस्त यांवर त्यांत भर होता. सहा आणि पंधरा वर्षांनंतरच्या पाहण्यांतही त्याचे लाभ दिसून आले. आपल्याकडे पती गेल्यावर आठवड्याभरातच मजुरीला जाणाऱ्या मातेला दुःख करण्याचीही उसंत नसते. तिला शाळेत सन्मानाने बोलावणे, फोनवर मुलाशी निवांत बोलू देणे, घरच्या धाकट्या भावंडांसाठी बालसंगोपन योजनेचा अर्ज भरून देणे, ही सांत्वनाचीच रूपे आहेत.

सिद्धार्थ सात दिवसांचे असताना महामाया गेल्या. महाप्रजापती गौतमींनी त्यांना वाढविले. बाबासाहेब अवघे पाच वर्षांचे असताना, 1896 साली, भीमाबाई गेल्या. आत्या मीराबाईंनी त्यांना माया दिली. दुःखामुळे माणूस थोर होतो, असा याचा अर्थ नव्हे. दुःखाच्या वेळी कोणीतरी त्यांना जवळ घेतले, हे आपण विसरू नये.

या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी असा वियोग येथेच सोसला आहे. त्यांनी वर्षातून एक रविवार काढून यावे, अशा मुलांपाशी बसावे आणि ‘माझेही असेच झाले होते’ एवढेच सांगावे. गोतमीला मोहरी कोणत्याच घरात मिळाली नाही. सोबत मात्र प्रत्येक घरात मिळाली. तसे एखादे घर आपण प्रत्येकाने व्हावे.