भरतकामातील बाह्यरेषा

फुलीच्या टाक्याने भरलेली आकृती लहान लहान चौकोनांची बनलेली असते. त्यामुळे पाकळीची गोलाई किंवा पक्ष्याची मान कापडावर पायऱ्यापायऱ्यांची दिसते. हा दोष झाकून आकृतीला निश्चित रूप देणे हे बाह्यरेषेचे कार्य होय. ही रेषा सर्व फुल्या पूर्ण झाल्यावरच घालावयाची असते. साहजिकच अनेक दिवसांचे काम तिच्यामुळे उठून तरी दिसते किंवा बिघडते तरी. काळी रेषा उसवण्याची वेळ आली, तर तिचे बारीक तंतू फिक्या फुल्यांत अडकून राहतात.

रेषेसाठी बहुधा बखिया वापरतात. सुई एक घर पुढे वर काढावयाची व मागे येऊन आधीचा टाका जेथे संपला त्याच छिद्रात खाली न्यावयाची. हा क्रम उलटा करू नये. भरलेल्या छिद्रातून वर येणारी सुई तेथील दोरा चिरते व वर उचलते. खाली जाणारी सुई तोच दोरा दाबून बसवते. सुईचे टोक बोथट असावे. इंचाला १४ घरे असलेल्या कापडावर फुलीसाठी दोन पदर घेतले, तर रेषेला एकच पुरे. प्रत्येक घराला एक टाका हा सामान्य नियम. तिरक्या रेषेत एक घर आडवे व दोन उभी असा टाका चालतो. त्याहून लांब टाका काम लवकर उरकतो खरा, पण सैल पडतो. सर्वत्र काळाच रंग वापरण्याची सवयही बरी नव्हे. गुलाबी पाकळीला गडद किरमिजी रेषा अधिक शोभते.

बखियाची मागची बाजू मात्र जाड होते, कारण तेथे प्रत्येक टाका दुप्पट लांबीचा पडतो. उत्तर कर्नाटकातील धारवाड परिसरात कसुतीचे भरतकाम करणाऱ्या स्त्रियांनी ही अडचण 'गवंती' टाक्याने दूर केली आहे. कापडावर नक्षी न छापता, केवळ धागे मोजून, एक घर सोडून एक असा धावदोरा घालीत शेवटपर्यंत जावयाचे आणि परतताना रिकामी घरे भरावयाची. दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. गाठ कोठेही मारीत नाहीत. रेषेला फाटे असतील, तर कोणता फाटा जाताना घ्यावयाचा व कोणता परतताना पुरा करावयाचा, हे आधीच ठरवावे लागते. चुकल्यास दोऱ्याला परतीची वाटच उरत नाही. गोपुरे, रथ, तुळशीवृंदावने अशा आकृत्या इरकली लुगड्यांच्या पदरांवर याच रीतीने उमटल्या आहेत. युरोपात या टाक्याला हान्स होल्बाइन (मृत्यू १५४३) या चित्रकाराचे नाव मिळाले, कारण त्याने रंगविलेल्या व्यक्तिचित्रांतील कॉलर व बाह्यांच्या कडा अशा भरतकामाने सजलेल्या दिसतात.

चौकटीत बसवावयाच्या कामाला बखियाच घ्यावा. त्याची रेषा अधिक भरीव येते. रुमाल, पडदा किंवा पदर यांची उलटी बाजू दिसते, तेथे गवंती योग्य. दोऱ्याची टोके मागील फुल्यांखाली सरकवून टाकावीत. मात्र गडद दोरा रिकाम्या जागेमागून ओढत नेऊ नये, कारण पातळ कापडातून त्याची सावली दिसते.